जावयाचा बंब

सासरी आल्यावर मी पहिला नवा शब्द शिकले तो 'ब्लो-डाऊन'. तोही डोळ्यांत साबण गेलेला असताना.

लग्नानंतरची दुसरी सकाळ. मी न्हाणीघरात डोक्याला साबण लावत बसले होते. नाशिकला हाच साबण नुसता दाखवला तरी डोक्यावर ढग उभा राहायचा. इथे तो काही केल्या फेस धरेना. मला वाटलं, रुखवतात ठेवलेला साबण नकली निघाला. माहेरची अब्रू जायला नको म्हणून मी अर्धी वडी घासून संपवली. केसांचं हळूहळू घोंगडं होत चाललं होतं. डोळे मिटून मी नळाकडे हात नेला आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून कोणीतरी खड्या आवाजात ओरडलं, "ब्लो-डाऊऽऽन!" पाठोपाठ बाहेर धो धो पाणी वाहिल्याचा आवाज. माझ्या नळाने एकदा फुर्रर केलं आणि तो गप्प झाला.

नवी नवरी म्हणून दोन दिवस राखलेला हळू आवाज त्या क्षणी संपला. "पाणी गेलं!" मी किंचाळले.

"गेलं नाई सूनबाई, सोडलं!" बाहेरून समाधानी उत्तर आलं.

हे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मी ओल्या घोंगड्यानिशी बाहेर आले तेव्हा ते अंगणात तांब्याच्या बंबापुढे उकिडवे बसले होते आणि खालच्या तोटीतून पडणारा गढूळ, पांढुरका रेंदा मायेने बघत होते. ते गरम पाणी पपईच्या झाडाकडे चाललं होतं. माझ्या केसांकडे एक नजर टाकून ते म्हणाले, "इथल्या पाण्यात साबण फेस नाई देत, दही देते. पयले पाण्यातला खार साबण खाते. त्याचं पोट भरलं का मंग तुमच्या डोक्याची पाळी."

त्यावर मला कॉलेजात शिकलेलं दुष्फेन पाण्याचं सगळं रसायनशास्त्र आठवलं. पण त्या पेपरात मला काठावरचे मार्क होते आणि डोक्यात दही होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

आमचं गाव घाटाखालचं, खारपाणपट्ट्यातलं. इथे कुठेही बोअर मारा, पाणी लागतं, आणि लागल्याचा पश्चात्ताप होतो. नवा चकचकीत नळ बसवला की वर्षभरात त्याला पांढरी दाढी येते. शॉवर लावला तर त्याची भोकं एकेक करत मिटत जातात आणि शेवटी उरलेलं एकुलतं एक भोक नेमकं आपल्या कानात पाणी मारतं. मामाजींच्या खाकी शर्टाच्या खिशात म्हणूनच कायम दोन वस्तू असत: एक स्टीलची फूटपट्टी आणि एक गोधडी शिवायची जाड सुई. सुईने ते शॉवरची भोकं उघडत. आमच्याच घरची नाही, कोणाच्याही घरची. लग्नकार्याला गेले तर यजमानाला भेटायच्या आधी न्हाणीघरात जाऊन येत.

मला बघायला आले तेव्हाही हेच झालं होतं. पोहे आले, चहा आला, मुलाचे वडील कुठे दिसेनात. माझे बाबा घाबरले, तब्येत बिघडली की काय. जरा वेळाने मामाजी आमच्या न्हाणीघरातून बाहेर आले, हात पुसत म्हणाले, "नळ एकदम साफ. पोरगी नरम पाण्यातली हाये. आमच्याकडं जड जाईन तिले, पण टिकंन." पत्रिका त्यांनी उघडलीही नाही. मी टिकले याचं श्रेय ते शेवटपर्यंत स्वतःच्या परीक्षेला देत आले.

खाकी शर्ट होता गिरणीचा. तालुक्याच्या गावी एक तेलगिरणी होती, तिथे मामाजी बॉयलर अटेंडंट. सरकीच्या तेलाला वाफ लागायची, वाफेला बॉयलर लागायचा आणि बॉयलरला मामाजी. "मॅनेजर नसला तरी गिरणी चालते," ते सांगत. "बॉयलरवाला नसला तं मॅनेजर उडते." त्यांचा एकच वैरी होता, पाण्यातला खार. पाणी तापलं की तो भांड्याच्या आतल्या अंगाला बसतो, थरावर थर चढवतो. "आतून गोधडी पांघरून पाणी थंडगार झोपून राह्यते, अन् बाहेरून तुम्ही इंधन जाळून राह्यता. जाळायचं कोणाले, पाण्याले का गोधडीले?" म्हणून रोज तळाची तोटी उघडून साठलेला गाळ सोडून द्यायचा. हाच तो ब्लो-डाऊन. गिरणीत त्याची वेळ ठरलेली होती. घरी त्याची वेळ म्हणजे कोणीतरी डोक्याला साबण लावण्याची.

पण घरी हे सगळं आलं कसं, ते मला आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी सांगितलं. गिरणी बंद पडली तेव्हा मामाजी ओसरीवर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसायला लागले. भोंग्याची वेळ झाली की उठत, चप्पल घालत, फाटकापर्यंत जात आणि परत येऊन बसत. जेवा म्हटलं की जेवत. असे कितीतरी महिने. शेवटी एके दिवशी आत्याबाईंनी माळ्यावर पडलेला जुना बंब दोन माणसांकडून खाली उतरवला, अंगणात मांडला आणि म्हणाल्या, "हे घ्या तुमचं बॉयलर. पेटवा."

"त्या दिवशी ते पयल्यांदा माह्यावर वरडले," आत्याबाई सांगायच्या आणि हसायच्या. "म्हणाले, निरीक्षण झाल्याबिगर पेटवता येत नाई!"

ज्यांनी बंब पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. तांब्याचं उंच पिंप, मधोमध धुराडं, खाली जाळ, वर सैल झाकण, बाजूला तोटी. आमच्या बंबाच्या तोटीतून मामाजींनी एक पाइप भिंतीतून न्हाणीत नेला होता आणि ब्लो-डाऊनसाठी तळाशी दुसरी तोटी बसवून घेतली होती. झाकण सैल असल्यामुळे बंबात वाफ कोंडूच शकत नाही, म्हणजे तो फुटण्याचा प्रश्नच येत नाही. पण हे मामाजींना सांगायची घरात कोणाची छाती नव्हती. बंबाभोवती त्यांनी गेरूची रेघ मारली होती. तिच्या आत फक्त बॉयलर अटेंडंट. बाकीच्यांनी रेघेबाहेर उभं राहून विचारायचं, "तापलं का?" मग ते फूटपट्टीने तांब्यावर ठण् करून मारत, कान लावत, आणि म्हणत, "अजून झोपलेलं हाये."

बैठकीत, माझ्या नवऱ्याच्या शाळेतल्या कबड्डीच्या ढालीशेजारी, मामाजींनी लोखंडी पाइपाचा एक तुकडा मांडला होता. घराची जुनी लाइन बदलली तेव्हाचा. आडवा कापलेला. बाहेरून इंचाचा पाइप आणि आत खार भरून भरून मुंगीपुरती वाट. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो हातात दिला जाई. शेजारचे गुरुजी हृदयाची नळी मोकळी करून अकोल्याहून घरी आले, आठवडाभराने काठी टेकत आम्हाला भेटायला आले, तर मामाजींनी त्यांच्याही हातात तो ठेवला.

"पाहा गुरुजी. तुमच्या अंदर असंच झालं होतं."

गुरुजींनी पाइपातून एक डोळा मिटून पाहिलं. चेहरा पांढरा पडला. "मंग डॉक्टरनं काय केलं असंन?"

"ब्लो-डाऊन," मामाजी म्हणाले.

गुरुजी घाईने घरी गेले. पण त्या दिवसापासून लोणचं सोडलं म्हणे.

या सगळ्यात आत्याबाईंचा पक्ष वेगळा. त्यांचं माहेर सोनाळ्याचं, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिकडचं पाणी गोड. आमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. कितीही शिट्या घ्या, ती वाटाण्यासारखी टणक राहून आपल्याकडे बघते. म्हणून आत्याबाईंचे भाऊ गावात येताना सोनाळ्याहून पाण्याची कॅन आणत आणि ती खास डाळीसाठी देवघराखाली झाकून ठेवलेली असे. मी सुरुवातीला एकदा त्यातलं पाणी चहाला घेतलं. त्यानंतर देवघराला कडी आली.

"पाणी वाईट असंन तं त्याले ठोकून सुधरवा लागते," असं मामाजींचं मत.

"वाईट पाणी सुधरत नाई. बदला लागते," असं आत्याबाईंचं. "मले लग्नातच कळलं होतं. पण तवा बदलता येत नव्हतं."

मामाजी यावर फूटपट्टीने बंब ठण् करून वाजवत.

माझा नवरा मात्र या बंबाला मनापासून कंटाळला होता. जाळायला कपाशीच्या पऱ्हाट्या आणा, धूर खा, रेघेबाहेर थांबा, आणि पाळी आली की ब्लो-डाऊन. त्याने एकदा हिंमत करून विजेचा गीझर आणला. मामाजींनी विरोध केला नाही. रोज सकाळी फक्त त्याच्याजवळ जाऊन कान लावत आणि मान हलवत, डॉक्टर हलवतात तशी. वर्ष झालं नाही तो गीझर गेला. मामाजींनी त्याचं ओट्यावर रीतसर शवविच्छेदन केलं. आतल्या कॉइलवर बोटभर जाड पांढरा थर होता. हिवाळ्यात कोणी तिला स्वेटर घालून दिल्यासारखा. ती कॉइल त्यांनी पाइपाच्या शेजारी मांडली. शिकाऱ्याच्या दिवाणखान्यात हरणाचं डोकं असतं तशी.

नवरा चिडला. आणि तो चिडला नेमका नणंदेच्या लग्नाच्या वर्षी. दिवाळसण तोंडावर. नवा जावई पहिल्यांदा मुक्कामाला येणार, तेही घाटावरून, मेहकरकडून, आणि त्याला पहाटे धुरात बसवायचं?

"बाबा, आता सांगून ठेवतो," तो म्हणाला. "हा दिवाळसण होऊ द्या. भाऊबीज झाली का तांबट येऊन राह्यला. त्याले बंब मोडीत देऊन टाकतो अन् गॅसचा गीझर बसवतो. पाइपाले पाणी नरम करायचं यंत्रबी लावतो. झालं गेलं, संपलं."

मामाजी ओसरीवर जाऊन बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर.

आत्याबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्या हातांबद्दल फक्त ऐकलं होतं. पाहिले त्या दिवशी.

दुसऱ्या सकाळी मात्र मामाजी ताठ उठले आणि मला म्हणाले, "सूनबाई, घरात चिंच किती हाये?"

त्यांचा बेत साधा होता. जावयाच्या आंघोळीला बंब असा तापला पाहिजे, पाणी असं झटपट आणि कढत आलं पाहिजे, की पोराने स्वतः येऊन म्हणावं, बाबा, बंब राहू द्या. त्यासाठी आत बसलेला सगळा खार मुळापासून काढायचा. जन्मात कधी केली नाही अशी सफाई. मी वर्षाची चिंच दिली. आंबट ताक दिलं. शेजारून आणखी ताक आणलं. बंब भरला, मंद जाळ लावला आणि अंगणभर असा वास सुटला की रस्त्यावरून जाणारे विचारायला लागले, पंगत कधी आहे?

संध्याकाळी खार सुटायला लागला. सालपटं निघाली, मग पापुद्रे, मग पापडाएवढे तुकडे. मामाजी हात घालून एकेक काढत आणि अंगणातल्या सुपात ठेवत. "हा पाहा. हा मी पेटवायच्याबी आधीचा हाये. माह्या मायच्या वेळचा!" एखाद्या घराण्याच्या पिढ्या मोजाव्यात तसे ते थर मोजत होते. शेवटी आतून तांबं दिसलं, लालचुटुक. सुपातला ढीग बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी गिरणीतल्या त्यांच्या एकाही फोटोत पाहिलेलं नाही. आयुष्यभराच्या वैऱ्याला त्यांनी एका सुपात भरला होता. रात्रभर बंब उपडा ठेवून वाळवला.

दिवाळीच्या पहाटे जावईबापू तेल-उटणं लावून पाटावर बसले. नणंद ओवाळायला ताट घेऊन उभी. मामाजींनी बंब भरला, पऱ्हाट्या पेटवल्या. मी सवयीप्रमाणे रेघेबाहेर.

पहिल्यांदा आवाज आला तो 'टप्'.

मामाजींनी कान टवकारले. मग 'टप् टप्'. मग खाली जाळात 'चुर्र'. ते वाकले. बंबाच्या बुडाशी, जिथे तांब्याचा पत्रा सांधलेला होता, तिथे एक थेंब फुगला, चमकला आणि पडला. त्याच्या शेजारी दुसरा. मग त्या सांध्याला चहूबाजूंनी घाम फुटला.

"मामाजी, काय झालं?" मी कुजबुजले.

त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं. रेघेच्या आत. लग्नानंतर पहिल्यांदाच. एवढ्यावरून मला परिस्थितीचं गांभीर्य कळलं.

"पत्रा कवाचाच कागद झाला होता व," ते अगदी हळू म्हणाले. "त्याले खारानं धरून ठेवलं होतं. म्या त्या खारालेच बाहेर काढलं."

आतून नवऱ्याचा आवाज, "बाबा, तापलं का? जावईबापू गारठले!"

 मामाजींच्या हातात फूटपट्टी होती, पण बंबावर मारायची हिंमत नव्हती. मी आत पळाले. आत्याबाई पुरणपोळीची कणीक मळत होत्या. मी दोन शब्दांत सांगितलं. त्यांनी सोनाळ्याच्या पाण्यात मळलेला तो मऊसूत गोळा तसाच उचलला, परातीसकट अंगणात आल्या, गेरूची रेघ ओलांडली आणि लिंपायला बसल्या. जिथे थेंब, तिथे कणीक. मामाजी बोटाने दाखवत, "इथं. अन् इथं. जरा वर," आणि त्या थापत. एवढ्या वर्षांत दोघांना एकाच पाण्याबद्दल एकमताने काम करताना मी तेव्हाच पाहिलं.

कणीक तापली, कडक झाली, धरून बसली. आतला खार गेलेला असल्यामुळे बंब असा भराभरा तापला की जावईबापूंना दोनदा गार पाणी मिसळावं लागलं. न्हाणीतून त्यांचा आवाज आला, "वा, वा, वा!" मग थोड्या वेळाने, "वहिनी, कुठं पोळी करपतीया का?"

"दिवाळी आहे, काहीतरी करपणारच!" मी ओरडून सांगितलं.

ते बाहेर आले तेव्हा बंबाच्या बुडाला सात-आठ खमंग, तांबूस पोळ्या चिकटलेल्या होत्या. त्यांच्यापुढे मामाजी आणि आत्याबाई खांद्याला खांदा लावून उभे राहिले, लग्नाच्या फोटोत उभे असतात तसे. जावईबापूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दोघांच्या मधल्या फटीतून बंबाकडे पाहिलं. तेवढ्यात नवरा टॉवेल घेऊन आला आणि त्यांना म्हणाला, "माफ करा हं. हा शेवटचाच. भाऊबीजेनंतर तांबट येऊन घेऊन जाते याले." जावईबापूंची नजर मामाजींच्या हातांवर गेली. पाण्याने सुरकुतलेले, चिंचेने काळपटलेले ते हात फूटपट्टी घट्ट धरून होते.

आमच्याकडे दिवाळसणाला नव्या जावयाने रुसायची रीत आहे. ताट वाढायचं, जावयाने हात आखडून बसायचं, मग सासऱ्याने विचारायचं, काय पाहिजे? जावई अंगठी म्हणतो, घड्याळ म्हणतो, हल्ली मोबाइल. सासऱ्याने नाही म्हणायचं नसतं. मामाजींनी अंगठी करून ठेवलेली होती.

दुपारी ताट वाढलं. जावईबापू हात आखडून बसले.

"बोला," मामाजी म्हणाले. "काय पायजे?"

"देता ना?"

"जावयाले नाई म्हणलं का कोणी?"

"मला तो बंब पायजे."

पंगत थांबली. वाढायला घेतलेली आमटी माझ्या पळीतच राहिली. मामाजींचा चेहरा असा झाला, जणू एखाद्याने पहाटे जीव वाचवावा आणि दुपारी तोच मागावा.

नवरा मात्र खुलला. "घ्या ना! आताच गाडीत टाकून देतो!"

"थांब बे!" मामाजी म्हणाले. मग ते गिरणीतल्या आवाजात बोलले. "बंब तुमचा. शब्द दिला. पण बॉयलर असं हातात नाई देता येत. निरीक्षण व्हा लागते. पास व्हा लागते. पास झाला का मी सोता तुमच्या दारात आणून पेटवून देईन."

"बरोबर हाय," जावईबापू म्हणाले. "नियम म्हंजे नियम. पास होईस्तोवर इथंच असू द्या. मला घाई नाय."

"अन् तांबट?" नवऱ्याने विचारलं.

"जावयाची वस्तू मोडीत घालतं काय रे?" आत्याबाई स्वयंपाकघरातून गरजल्या. "लोक तोंडात शेण घालतीन!"

विषय संपला. दिवाळसणाला दिलेली वस्तू विकणं म्हणजे मुलीच्या घराशी वैर. नवऱ्याने हिशेब करून पाहिला आणि आमटी ओरपली. जावईबापूंनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघून अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं, "वहिनी, पोळीची कणीक कमी पडली नाय ना?"

भाऊबीजेनंतर मामाजी रोज मारुतीच्या देवळामागच्या बोअरवर बादली घेऊन जायला लागले. ते गावातलं सगळ्यात वाईट पाणी. गुरंसुद्धा तोंड फिरवतात. ते पाणी बंबात भरायचं, उकळायचं, पुन्हा भरायचं. मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"वैरी समजून हाकललं होतं," ते म्हणाले. "तो तं घर धरून बसला होता. आता त्याले वापस बोलावून राह्यलो."

त्या दिवसांत घरात एकही ब्लो-डाऊन झाला नाही. मी सासरी पहिल्यांदा निवांत न्हाले, आणि खरं सांगते, दोनदा साबण लावून थांबले, कोणी ओरडतंय का म्हणून. संक्रांतीच्या सुमारास थेंब थांबले. मामाजींनी फूटपट्टी मारली, कान लावला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या डोळ्यांत साबण असताना ती हाक आली.

पुढे गॅसचा गीझर आला, नरम पाण्याचं यंत्रही आलं. बंब राहिला. दर दिवाळीला जावईबापू येत, अंगणात उभे राहून विचारत, "मामा, पास झाला का माझा बंब?" मामाजी गंभीरपणे पाहणी करत. एका वर्षी झाकण सैल निघालं. ते बंबाला असतंच. एका वर्षी तोटी डावीकडे बघत होती. एका वर्षी धुराडं 'मनातून राजी नव्हतं'. निकाल ठरलेला. मग बंब पेटे आणि जावईबापू न्हाणीतून वा, वा करत.

मामाजी गेले त्यानंतरची पहिली दिवाळी.  पहाटे जावईबापू अंगणात आले. कानशिलावरचे केस आता पिकलेले. बंबाजवळ गेले, पण गेरूची रेघ त्यांनी ओलांडली नाही. सवयीने विचारायला तोंड उघडलं आणि विचारायचं कोणाला ते लक्षात येऊन तसेच थांबले. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला.

माझा नवरा ओसरीवरून उठला. खिळ्यावरच्या खाकी शर्टाच्या खिशातून त्याने फूटपट्टी काढली. रेघेच्या आत गेला, तांब्यावर ठण् करून मारलं आणि डोळे मिटून कान लावला. बराच वेळ.

"नाई," तो म्हणाला. "औंदाबी फेल."